कौलारू छप्पर: नुसतं परतायचं की नवं घालायचं, आणि काम कोणाच्या हाती द्यायचं

दर मे महिन्यात कोकणात हेच चालतं. चाकरमानी चार दिवसांच्या रजेवर गावी येतात, माळ्यावरचे डाग पाहतात आणि ओळखीतल्या कोणाला तरी बोलावतात. तो शिडी लावून वर जातो, एक वासा हलवून दाखवतो आणि खाली येऊन सांगतो, "सगळं गेलंय. पत्रा टाकूया." रजा संपत आलेली असते आणि पाऊस दारात असतो. होकार दिला जातो, आगाऊ रक्कम जागेवरच हातात पडते.

यात ठेकेदार खोटंच बोलतो असं नाही. ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे तो पत्रा सुचवणार, ज्याच्याकडे रंधा आहे तो लाकूडकाम सुचवणार. चूक क्रमाची आहे. छपराला नेमकं काय झालंय ते आधी घरमालकाने शोधायचं आणि त्या कामाचा माणूस नंतर बोलवायचा. इथे तो क्रम सांगितला आहे. छप्पर परतणं म्हणजे तीच कौलं उतरवून, साफ करून पुन्हा लावणं. घर मंगलोरी कौलांचं, लाकडी वाशांचं आणि चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतींचं आहे असं धरलं आहे. स्लॅबची गळती हा वेगळा विषय आहे, त्याला यातले उपाय लावू नका.

कामाचं वेळापत्रक

गळतीची नोंद गणपतीत, पाऊस चालू असताना. लाकडाची तपासणी दिवाळीच्या आसपास. कोटेशनं डिसेंबरात. प्रत्यक्ष काम जानेवारी ते मार्च. शेवटचा हप्ता जुलैत. 'मे अखेरपर्यंत उरकू' हा हिशेब आता धोक्याचा झाला आहे. 2025 साली मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला होता, तळकोकणात त्याच्याही आधी. वळवाच्या सरी तर त्याहून लवकर येतात. उघडं छप्पर आणि अर्धवट काम अशा अवस्थेत अडकायचं नसेल तर 30 एप्रिल ही शेवटची तारीख माना.

टप्पा 1: गळतीचा नकाशा काढा

पाणी जिथे टपकतं तिथे भोक नसतं. फुटक्या कौलातून आलेलं पाणी रिपेवरून, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्टीवरून, सरकतं, वाशाला लागतं, वाशावरून खाली उतरत जातं आणि एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी सुटतं. त्यामुळे खाली बादली ठेवलेली जागा आणि वरची फुटकी जागा यांत चार-पाच फुटांचं अंतर सहज असतं. दोष नेहमी टपकण्याच्या जागेपेक्षा वरच्या अंगाला, म्हणजे आढ्याच्या दिशेने शोधायचा.

एका कागदावर घराचा साधा आराखडा काढा: ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, पडवी. जोराचा पाऊस चालू असताना विजेरी घेऊन माळ्यावर जा आणि प्रत्येक ओल्या जागेवर खूण करा. खुणेशेजारी तीन गोष्टी लिहा. पाणी धार लावतंय की थेंब पडतोय? पाऊस सुरू होताच येतं की तासाभराने? कुठल्या दिशेचा वारा असताना येतं?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. फक्त नैऋत्येचा वारा असताना एकाच पाख्यातून, म्हणजे छपराच्या एकाच उतरत्या बाजूने, पाणी येत असेल तर कौलं शाबूत असूनही झड त्यांच्या सांध्यातून वर चढत असते. याचं कारण बहुधा कमी उतार किंवा रिपांमधलं चुकलेलं अंतर हे असतं. कौलं बदलून असली गळती थांबत नाही. पाऊस सुरू होताच थेंब पडला तर फुटकं किंवा सरकलेलं कौल. तासाभराने सगळीकडून ओल उतरू लागली तर कौलंच पाणी पिऊ लागली आहेत.

पाऊस थांबल्यावर दुपारच्या उन्हात दारं-खिडक्या बंद करून माळ्यावर पुन्हा उभे राहा. उजेडाचे कवडसे दिसतील. तेही नकाशावर टाका.

सावधान: ओल्या छपरावर चढू नका, कोणाला चढवूही नका. शेवाळ धरलेल्या कौलावरून पाय घसरणारच. पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर कोरड्या दिवसांतही त्यांच्यावर थेट पाय द्यायचा नाही. वरून ते धड दिसतात आणि माणसाच्या वजनाने एकदम फुटतात.

टप्पा 2: आधी लाकूड तपासा

छप्पर नवं करायचं की नाही हे कौलं ठरवत नाहीत, लाकूड ठरवतं. फुटलेलं कौल दहा मिनिटांत बदलता येतं. वाळवी लागलेल्या आढ्यावर नवी कौलं घातली तर पैसे दोनदा जातात. त्यामुळे या टप्प्याला पूर्ण दिवस द्या.

लागणारं साहित्य फार नाही: जाड स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, खडू, लांब सुतळी, विजेरी आणि फोटो काढायला फोन.

सुरुवात वाशांच्या टोकांपासून करा. वासा मध्ये क्वचितच सडतो. तो सडतो जिथे भिंतीवर टेकतो तिथे, कारण भिंतीची ओल तिथे लाकडात चढते, आणि वळचणीला, जिथे पागोळ्यांचं पाणी मागे वळून लाकडाला लागतं. प्रत्येक टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. धड लाकडात टोक अर्धा सेंटिमीटरही जात नाही. ते बोटाच्या पेराएवढं आत गेलं तर त्या वाशावर खडूने फुली मारा.

मग हातोडीने हलके ठोके देत वासा, तुळई, आढं असं पुढे जा. भरीव आवाज आला तर लाकूड बरं आहे. पोकळ, बद्द आवाज आला की आत वाळवीने खाल्लेलं असतं, वरची साल तेवढी राहिलेली असते. भिंतीवरून लाकडाकडे चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी चालू आहे. एक नळी खरवडून काढा आणि दोन दिवसांनी पाहा. ती पुन्हा बांधलेली दिसली तर आधी वाळवीचा बंदोबस्त, मग छप्पर.

बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली पिठासारखी भुकटी असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. भोकं जुनी असू शकतात, म्हणून भुकटी झाडून खाली कागद अंथरा. आठवड्याने कागदावर नवी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. ऐन, किंजळ, साग यांच्या जुन्या, पक्क्या लाकडाला वरवर भोकं असली तरी आतला गाभा बरेचदा ठणठणीत निघतो. केवळ भोकं बघून 'वासा गेला' म्हणणाऱ्याला तुमच्यासमोर तासणीने वरचा थर काढायला सांगा.

शेवटी सुतळी. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरा. मध्ये आढं सुतळीपासून खाली झुकलेलं दिसलं तर किती ते मोजून लिहा. जुन्या घरात थोडा झोक असतोच, पण दर वर्षी वाढणारा झोक आणि भिंतीच्या माथ्याला नव्या भेगा ही जोडी दिसली तर प्रश्न छपराच्या पलीकडचा आहे. वाशांचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतोय. अशा वेळी ठेकेदाराच्या आधी तालुक्याच्या ठिकाणच्या सिव्हिल इंजिनिअरला घर दाखवा. त्याची फी पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असते.

तपासा: एकूण वासे किती, फुली किती, आणि फुल्या एका जागी गोळा झाल्या आहेत की सगळीकडे पसरल्या आहेत. हे लिहिलेलं असेल तर पुढची अर्धी घासाघीस आपोआप टळते.

टप्पा 3: मग कौलं

वेगवेगळ्या जागची, दोन्ही पाख्यांवरची वीसेक कौलं काढून खाली आणा. नुसती वळचणीची काढू नका, ती नेहमीच जास्त खराब असतात.

कौल एका हातात लोंबकळत धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे किंवा ते कच्चं भाजलेलं आहे. उलटं करून पाहा. खालच्या बाजूचे पापुद्रे सुटत असतील, नखाने माती निघत असेल तर त्याचे दिवस भरले. रिपेला अडकणारं नाक शाबूत आहे का तेही बघा. नाक तुटलेलं कौल वरून अगदी धड दिसतं आणि पहिल्या वादळात खाली सरकतं. शेवटी कौल आडवं ठेवून त्याच्या पन्हळीत पाणी घाला आणि तासाभराने खालून हात लावा. खालची बाजू नुसती गार लागली तर चालेल. थेंब धरले असतील तर ते कौल परतून उपयोग नाही.

वानरांमुळे फुटलेली कौलं वेगळी मोजा. वानरांचा उपद्रव असलेल्या वाडीत नवी कौलं घातली तरी तीही फुटणार, आणि हा मुद्दा पुढे पत्र्याचा विचार करताना उपयोगी पडतो.

टप्पा 4: निर्णय

लाकूड धड आणि वीसातली दोन-तीन कौलं वाईट: छप्पर परता. सगळी कौलं उतरवून, झाडून, शेवाळ घासून पुन्हा लावायची आणि फुटकी बदलायची. दर वर्ष-दोन वर्षांनी होणारं हेच काम वेळेत झालं तर पुढची पायरी बरीच लांबते.

लाकूड धड, पण निम्म्याहून जास्त कौलं पाणी पिणारी: फक्त कौलं बदला. रिपा मात्र याच वेळी बदलून घ्या. त्या सर्वांत आधी कुजतात आणि कौलं घातल्यावर त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही.

फुल्या एकाच पाख्यावर किंवा पन्हळीच्या, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या खोलगट सांध्याच्या, आसपास: तेवढा भाग उतरवून दुरुस्त करा. जुनी चांगली कौलं सगळी मागच्या पाख्यावर आणि नवी पुढच्या पाख्यावर घाला. जुनी-नवी एकाच पाख्यात मिसळू नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असतो, त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि त्या फटीतून झड येते. नवी घेताना जुन्यातलं एक चांगलं कौल सोबत न्या आणि दुकानातच जोडून पाहा.

एक-तृतीयांशाहून जास्त वासे फुलीचे, किंवा आढं-तुळई गेलेली: पूर्ण छप्पर नवं. आता प्रश्न लाकूड-कौलं की लोखंडी सांगाडा-पत्रा.

पत्र्याची बाजू घेणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. दर वर्षी परतावा लागत नाही, वानरांनी फुटत नाही, वजन हलकं, काम लवकर. पण खाली उकाडा वाढतो, पावसात आवाज होतो आणि खाऱ्या वाऱ्यात स्क्रू व कापलेल्या कडा आधी गंजतात. बंद राहणाऱ्या घराला, जिथे वर्षातून दोनदाच माणूस येतो, मी पत्रा सुचवेन. रोज राहत्या घराला, परतणारा माणूस गावात असेल तर, कौलं.

सावधान: पत्र्याच्या हलकेपणात धोकाही आहे. एक मंगलोरी कौल दोन-तीन किलोंचं असतं आणि शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, सुमारे दीडशे कौलं लागतात. मध्यम घरावर हे ओझं चार टनांच्या घरात जातं आणि ते वजनच छप्पर जागेवर धरून ठेवतं. पत्रा बसला की हे वजन जातं आणि वारा खालून शिरून छप्पर उचलतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती पत्रे उडाले ते तिथल्या लोकांना विचारा. पत्रा निवडला तर सांगाडा भिंतीत पक्का बांधण्याचा खर्च त्यातच धरायचा.

उलट बाजूही आहे. पत्र्यासाठी केलेल्या हलक्या लोखंडी सांगाड्यावर शोभेसाठी वरून कौलं घालायची असतील तर आधी इंजिनिअरकडून वजन तपासून घ्या.

टप्पा 5: माप स्वतः घ्या

ठेकेदार येण्याआधी तुमचं माप कागदावर हवं. जमिनीवरचं माप आणि उताराचं माप यांत मोठा फरक पडतो. वळचणीसकट 40 फूट लांब आणि 25 फूट रुंद घराचं जमिनीवरचं क्षेत्र 1,000 चौरस फूट. 30 अंशांच्या उतारावर तेच छप्पर सुमारे 1,155 चौरस फूट भरतं. एकाने जमिनीच्या मापाने दर सांगितला आणि दुसऱ्याने उताराच्या मापाने, तर स्वस्त वाटणारा महाग निघू शकतो.

टेपचं एक टोक आढ्यावर आणि दुसरं वळचणीच्या कडेला धरून उतार मोजा, त्याला लांबीने गुणा, दोन्ही पाख्यांची बेरीज करा. पडवी वेगळी मोजा. आढ्याची लांबी आणि पन्हळींची लांबी धावत्या फुटांत वेगळी लिहा, कारण त्यांचा दर वेगळा असतो. उताराच्या क्षेत्रावरून कौलं काढा आणि फूटतुटीसाठी पाच ते दहा टक्के वाढवा. वरच्या उदाहरणात साडेअठराशेच्या आसपास कौलं लागतील.

टप्पा 6: माणूस शोधा

कौलांचं काम सुताराचं किंवा जुन्या मिस्त्रीचं, पत्र्याचं काम फॅब्रिकेटरचं. दोन्ही करतो म्हणणाऱ्याकडे प्रत्यक्ष काम कोण करणार ते विचारा. बरेचदा तो एक काम पुढे दुसऱ्याला देतो आणि तक्रार आली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तिघांना बोलवा. प्रत्येकाला टप्पा 1 चा नकाशा आणि फुल्यांची यादी दाखवा, पण तुमचा निर्णय आधी सांगू नका. कोण माळ्यावर चढतो आणि कोण अंगणातूनच दर सांगतो, यावरून बरंच कळतं. अंगणातून दर सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्याने केलेली दोन घरं पाहायला मागा. अट एकच: ती किमान दोन पावसाळे जुनी असावीत. गेल्या महिन्यात झालेलं छप्पर सगळंच छान दिसतं. तिथल्या घरमालकाला एकट्याला गाठून विचारा: ठरल्यापेक्षा किती जास्त घेतले, पावसात बोलावलं तेव्हा आला का, जुनं लाकूड कोणी नेलं?

वादळानंतर गावात फिरून 'आजच आगाऊ द्या, उद्या पत्रा मिळणार नाही' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला काम देऊ नका. तोवर चांगली ताडपत्री, वाळूच्या गोण्या आणि धीर यांवर भागवा.

टप्पा 7: कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

'छप्पर पूर्ण, एकरकमी इतके' हे कोटेशन नव्हे. तिघांकडून एकाच मुद्द्यांवर लेखी मागवलं तरच तुलना होते. साध्या कागदावर चालेल, पण दोघांची सही हवी.

लाकूड असेल तर जात, जाडी-रुंदी, आणि ते वाळलेलं असेल ही अट. ओलं लाकूड वर गेल्यावर पिळवटतं आणि रिपांची रांग बिघडवतं. आपल्याच परसातलं झाड तोडून वापरायचं असेल तर तोड आणि वाहतुकीच्या परवानगीबद्दल वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारा. 'आपलंच तर झाड' हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

पत्रा असेल तर जाडीचा शब्द नीट वाचा. रंगीत पत्र्याची 0.50 मिलिमीटर ही बहुतेक वेळा रंग-मुलाम्यासकटची जाडी असते, आतलं पोलाद त्याहून पातळ असतं. कोणती जाडी ते लिहून घ्या. मुलामा जस्ताचा की ॲल्युमिनियम-जस्ताचा, दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हेही. नामांकित कारखान्याच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला नाव, जाडी, मुलामा छापलेला असतो. माल उतरताना त्याचा फोटो काढा. लोखंडी पाइपांचं माप, जाडी आणि किती हात प्रायमर, किती हात रंग ते लिहा. स्क्रू मुलाम्याचे आणि रबरी वॉशरचे.

दर कोणत्या मापावर? छपरावर बसलेल्या क्षेत्रावर की आणलेल्या पत्र्याच्या क्षेत्रावर? पत्रे एकमेकांवर चढतात, त्यामुळे दुसरा आकडा नेहमी मोठा येतो. सर्वांत जास्त भांडणं याच ओळीवरून होतात.

राहिलेल्या बाबी लहान वाटतात, पण लिहा. जुनी कौलं उतरवून रचणं कोणाकडे, फुटकी उचलून टाकणं कोणाकडे, परांची कोणाची, मजुरांचं राहणं-जेवण कोणाकडे, वाहतूक आणि जीएसटी धरून की वेगळा, काम किती दिवसांत. कोणाला दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची आणि विमा आहे का. आणि जुनं लाकूड कोणाचं: जुन्या सागाच्या तुळया, ऐनाचे वासे यांना चांगली किंमत येते. 'कचरा आम्हीच नेतो' या गोड वाक्यात पुष्कळदा तेच लाकूड जातं.

पैशाची वाटणी: माल शक्यतो तुम्हीच दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, ठेकेदाराला मजुरी द्या. मजुरीचे चार भाग करा. सुरुवातीला 20 टक्के, सांगाडा पूर्ण झाल्यावर 30, छप्पर झाकल्यावर 40, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर 10. या शेवटच्या दहा टक्क्यांना जो अजिबात तयार होत नाही, त्याला स्वतःच्याच कामाची खात्री नाही असं समजा.

टप्पा 8: छप्पर उघडण्याआधी

घर सामायिक असेल तर भावकीची संमती लेखी घ्या. असेसमेंटच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची. कौलं उतरल्यावर एखादा चुलत भाऊ काम थांबवायला उभा राहिला तर पाऊस त्याच्या बाजूने असतो. नुसतं परतायचं असेल तर प्रश्न सहसा येत नाही, पण उंची, आकार किंवा छपराचा प्रकार बदलणार असाल तर ग्रामपंचायतीत आधी विचारा. गोव्यात पंचायतीचा परवाना आधी.

वाशांवरून गेलेली वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या, मेन स्विच बंद ठेवा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर छपराला किंवा भिंतीच्या माथ्याला बांधलेली असेल तर महावितरणच्या कार्यालयात कळवा, ठेकेदाराच्या पोराला तिला हात लावू देऊ नका. माळा रिकामा करा, देवघर आणि कपाटं झाका, दोन मोठ्या ताडपत्र्या घरातच तयार ठेवा.

पडवीचे सिमेंटचे जुने पत्रे काढायचे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं असं धरूनच चाला. पाणी मारून ओले करा, स्क्रू सोडून अख्खे उतरवा. कटरने कापू नका, फोडून अंगणात भर घालू नका. काढणाऱ्याच्या तोंडाला धुळीचा चांगला मास्क हवा, रुमालाने भागत नाही.

टप्पा 9: काम चालू असताना

कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखीच उतरवा, चढवतानाही सारखीच. एक पाखं पूर्ण भरलेलं आणि दुसरं रिकामं असलं की सांगाडा एका बाजूला रेटला जातो. कामगारांना हे गैरसोयीचं वाटतं, म्हणून तुम्हीच लक्ष ठेवा.

नवं लाकूड वर जाण्याआधी खाली अंगणातच त्याला वाळवीचं औषध किंवा काजूच्या टरफलाचं तेल सगळ्या बाजूंनी लागलं पाहिजे, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना. ते तेल कातडीला भाजतं, हातमोजे घाला. वर गेल्यावर लावलेलं औषध नेमकं टोकांनाच लागत नाही.

रिपा ठोकण्याआधी, जी कौलं घालायची आहेत त्यांतली तीन-चार वाशांवर एकावर एक बसवून पाहा आणि त्यावरून रिपांमधलं अंतर ठरवा. जुन्या रिपांचं माप नव्या कौलांना लावणं ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक. सांधा आखूड पडतो आणि सगळं नवं छप्पर झडीला गळतं.

कौलं वळचणीपासून वर जातात, आढ्यावरची शेवटी बसतात. तिथला सिमेंटचा गिलावा कौलांच्या सांध्याखाली दडलेला असावा. वरून नुसतं थापलेलं सिमेंट दोन उन्हाळ्यांत चिरतं आणि त्याच चिरेतून पाणी आत घेतं. फुटक्या कौलावर सिमेंट किंवा डांबर चोपडू देऊ नका. कौल बदला.

पत्र्याचं काम असेल तर आधी सांगाड्याचे पाय पाहा. ते चिऱ्यावर नुसते टेकलेले नकोत. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा किंवा ठोकळे, त्यांत रोवलेले बोल्ट, त्यांवर पाय. पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून बसवत यायचे. आपल्याकडचा पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणजे सांध्याचं उघडं तोंड तिकडे येता कामा नये. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, पाणी वाहतं त्या खाचेत नव्हे. कडा, वळचण आणि आढं इथे स्क्रू जास्त घ्या, कारण वारा तिथूनच उचलतो. वॉशर चेपून बाहेर आला म्हणजे जास्त आवळला, बोटाने फिरला म्हणजे कमी. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून पत्रा कापायची कात्री मागा. रोज संध्याकाळी छपरावरचा लोखंडी कीस झाडून काढायचा. तो राहिला तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात.

तुम्ही मुंबई-पुण्यात असाल तर 'काम मस्त चाललंय' हा व्हॉट्सॲप संदेश पुरेसा नाही. चार फोटो नावानिशी मागा: भिंतीत जाणारी वाशांची टोकं झाकण्याआधी, रिपांवर टेप धरलेला, पन्हळीचा पत्रा कौलांखाली किती आत गेलाय तो, आणि आढं बंद करण्याआधीचं. हप्ता फोटो पाहूनच पाठवा. लाकूड पूर्ण झाकायच्या आधी एक दिवस स्वतः जाऊन येणं मात्र टाळू नका.

टप्पा 10: पाण्याची परीक्षा आणि शेवटचा हप्ता

काम संपल्यावर बागेचा पाइप आढ्यापाशी धरून प्रत्येक भागावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि एकाला माळ्यावर बसवा. पाणी वरून खाली सोडायचं. पाइपाचा फवारा खालून वर मारला तर चांगलं छप्परही गळेल आणि ठेकेदाराशी उगाच वाद होईल. पन्हळी आणि भिंत-छप्पर सांधा जास्त वेळ तपासा.

हे पार पडलं तरी दहा टक्के हातात ठेवा. पाइपाच्या पाण्याला वारा नसतो. जुलैच्या एखाद्या सलग झडीनंतर, टप्पा 1 चाच नकाशा घेऊन माळ्यावर फिरा. नव्या कौलांना पहिल्या पावसात थोडी ओल धरते, ती गळती नाही. थेंब सुटला तर त्याच आठवड्यात ठेकेदाराला कळवा. दुरुस्ती मात्र उघडीप मिळाल्यावरच करून घ्या. सगळं कोरडं असेल तर उरलेले पैसे लगेच देऊन टाका. पुढच्या वर्षी परतायला त्यालाच बोलवायचं आहे.

उरलेली चाळीस-पन्नास कौलं आणि आढ्यावरची पाच-सहा मागच्या पडवीत उभी रचून ठेवा, आडवी नको. त्यांच्याच शेजारी उरलेले स्क्रू, कौलाच्या कारखान्याचं नाव आणि बिलाची झेरॉक्स एका डब्यात टाका. तोच साचा पुन्हा मिळेलच असं नाही.